अप्पांना बसवलं

इंग्लंड, ८ मार्च १९७६

चि. शरणम्मास अनेक आशीर्वाद.

अप्पा दुकानातच कोसळून गेल्याची तार पोचली. इथे कुणाचं हृदय बंद पडलं की आमची अँब्युलन्सची गाडी दारात जाते. विजेचे झटके देऊन आम्ही परक्यांचे बाप उठवतो. तिकडे गाडी नाही, मान्य. पण छाती कशी दाबायची ते सुट्टीत घरी आलो तेव्हा तुम्हा सगळ्यांना तक्क्यावर करून दाखवलं होतं. तू तर तोंडाला पदर लावून हसत होतीस. भर बाजारच्या दिवशी दुकानात माणूस पडतो आणि तुझा किंवा गुरुबसप्पा काकांचा हात पुढे होत नाही? अप्पांच्याच जिवावर जेवलात की सगळे.

महादेवप्पा

मंद्रूप, २० मार्च १९७६

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

ती. अण्णास शरणम्माचे शरणार्थ, वि. वि.

पत्र झोंबलं. मी हसले, पण शिकलेही होते. डबा घेऊन गेले तेव्हाच अप्पा कोसळले. त्यांना गादीवरून फरशीवर ओढलं आणि दाबायला लागले. काका ओरडले, की पोरगी बापाच्या छातीवर चढलीया, येड लागलंय व्हय. मी थांबले नाही. हाताखाली एक घोगरा आचका आला. काकांना वाटलं, प्राण गेला. अंग आखडायच्या आत मांडी घालून बसवा, आपल्यात बसवूनच पुरत्यात, न्हायतर समाधीत बसवायचं कसं, म्हणाले. चौघांनी मला ओढून काढलं. अप्पांना भिंतीला टेकवलं, विभूती लावली. सोलापूरहून डॉक्टर आले तेव्हा अप्पा हार घालून बसले होते.

अण्णा, तो श्वास होता का? जिवंत माणसाला बसवलं का आम्ही? काकाही तेच विचारतात, त्यांना घास जात नाही. खरं लिही. राग ओसरला की थोडा लोभ असू दे.

शरणम्मा

इंग्लंड, २ एप्रिल १९७६

चि. शरणम्मास आशीर्वाद.

माझं चुकलं. तो श्वास नव्हता. प्राण गेल्यावरही छाती एखादा आचका देते. तुम्ही बसवलंत म्हणून काही बिघडलं नाही. काकांना हे वाचून दाखव आणि विषय मिटव. माया पातळ करू नकोस.

महादेवप्पा

मंद्रूप, १५ एप्रिल १९७६

ती. अण्णास शरणार्थ, वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. काका खूप रडले आणि मग पोटभर जेवले.

तक्क्यावर दाखवताना तू बजावलं होतंस, की आचका आला तरी हात काढू नका, आत अजून धुगधुगी असते. बाकी सगळे विसरले. काकांपुरतं तुझं खोटं बरं झालं. मला ते पुन्हा लिहू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे.

शरणम्मा