निंबोळ्या सावलीत वाळवायच्या होत्या

बाबा, ज्या निंबोळ्यांपायी तुम्ही मायचा हात मोडलात, त्या तिने वाळवल्याच नव्हत्या. मी वाळवल्या होत्या.

पहिल्या बाळंतपणासाठी मी केनवडहून माहेरी आले होते, सातवा लागलेला. किन्हीराजाच्या अलीकडची जंगलखात्याची रोपवाटिका तुमच्या ताब्यात होती. सडकेच्या कडेला लावायच्या कडुनिंबांचं बी तुम्ही झाडाझाडाखाली वेचलंत, गर धुऊन काढलात आणि दहा-बारा दिवसांसाठी जंगलात कामावर निघताना मायला बजावलंत, "सावलीत पसर. टोपल्यात ठेव, कोंडू नोको. बी श्वास घेते." हे बोलताना तुमचा आवाज इतका मऊ झाला की मला त्या बियांचा हेवा वाटला. आमच्याशी तुम्ही तसं कधी बोलला नाहीत.

माय दिवसभर निंदणाला जायची. पाऊस उघडला, कडक ऊन पडलं आणि मला वाटलं, आयतं ऊन वाया कशाला घालवायचं? ज्वारीचं करतो तसंच मी केलं. तापल्या दगडी फरशीवर निंबोळ्या पसरल्या, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवल्या. तोंड कडूजहर झालं. मग राखेत घोळून तुपाच्या डब्यात भरल्या आणि झाकण शेणामातीने लिंपून टाकलं. कीड लागू नये म्हणून. स्वतःच्या हुशारीचं मला भारी कौतुक. चार दिवसांनी मायला डबा दिसला. तिने कपाळावर हात मारला, राख पुसून निंबोळ्या पुन्हा टोपल्यात ओतल्या.

तुम्ही येऊन त्या पेरल्यात. पंधरा दिवस झाले तरी वाफ्यात काही उगवेना. एका दुपारी तुम्ही वाफे उकरलेत, बी नखाने फोडून पाहिलंत. आत हिरवं असायला हवं होतं, तपकिरी निघालं. कुदळ हातात घेऊनच तुम्ही घरी आलात. माय मला म्हणाली, "तू अंदर जाय. कडी लाव."

मी लावली. फटीतून सगळं पाहिलं.

"उनात कोनं टाकल्या?"

"म्या," माय म्हणाली.

कुदळीच्या दांड्याने तुम्ही तिला हाणलंत, पाठीवर, मांडीवर, आणि डोकं वाचवायला तिने हात वर केला तेव्हा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. वाळलेली ज्वारी वाजते तसा, कोरडा. ओरडू नये म्हणून तिने पदर दातात धरला होता. तुम्ही थांबलात ते दम लागला म्हणून. मग ओसरीवर बसून तुम्ही त्या बियांसाठी रडलात. तेव्हा मुसळ उचलून तुमच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं. मुसळ हाताशीच होतं.

माझी मुलगी सुखरूप जन्मली. मायचं मनगट वाकडंच सांधलं, आणि ती जन्मभर एका हाताने भाकरी थापत राहिली.

तुमचं अर्धं अंग गेलं तेव्हा मी येऊन राहिले. माय त्याच वाकड्या हाताने तुमचे पाय चेपते आहे आणि तुम्ही अडखळत म्हणता, "त्या साली बी तूच मारलं." ती हो म्हणते. मी पाण्याचा गडू घेऊन उभी आहे. तोंड उघडते आणि मिटते.

तुम्ही गेलात, आता मायही नाही. हा कागद घडी करून निंबोळ्यांच्या टोपल्याखाली ठेवीन. यंदाच्या मी सावलीतच वाळवल्या आहेत. त्या दिवशी मी का बोलले नाही, तेवढं सांगते. तुमचा हात बोटभरही उचलत नव्हता, तरी मी त्याच्याकडेच पाहत होते.