खुळखुळणारी जाळी

प्रिय टोमेडा,

तुझा निरोप पोचला. वारा पडलाय, म्हणून नामोयासी हे कडं किटावा बेटावरून तुझ्याकडे अजून आलेलंच नाही म्हणे. गड्या, वारा इथे डोबू बेटावरही वाहतो. आमच्या होड्या फेऱ्या मारताहेत, आणि तुमच्याच बेटावर तो रुसलाय?

गेल्या मोसमात मी माझी सगळ्यात तांबडी माळ तुझ्या हाती ठेवली. माळेच्या बदल्यात शंखाचं कडं, ही आपली रीत. तू म्हणालास, “नामोयासी येऊ दे, तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही.” माझे मामा ते कडं दंडात घालून खुळखुळवत नाचले होते. त्याच्या काठाला टवका उडालाय, पण सगळ्या बेटांना त्याचं नाव पाठ आहे. ते आलं नाही तर पुढच्या बेटांवर मी तोंड कसं दाखवू?

मग माझा भाचा तुझ्याकडे आला, तर त्याच्यासाठी डुक्कर कापलंत. एरवी उकडलेल्या कंदांवर बोळवण करणारी माणसं तुम्ही. भाचा खाऊन खूश झाला, मी मात्र त्याला विचारलं, घरात आणखी काय पाहिलंस. आढ्याला चटईत गुंडाळलेली टोपली बघून त्यानं विचारलं, “मामी, त्यात काय हो?” तर इबोनावहिनी म्हणाल्या, “जुनी जाळी आहेत रे बाबा, हात नको लावू.” जाळी खुळखुळतात का, टोमेडा?

त्यात मडकी विकायला आलेला कुंभार सांगून गेला, की नामोयासी तू त्यालाही कबूल केलंयस. कड्याच्या शंखातल्या गोगलगाई जिवंतपणी डंख मारतात. मेल्यावर त्यांच्या शंखाचं कडं होतं, तेही सुखानं झोपू देत नाही.

तू म्हणशील, लेदिमोला संशयाचा रोगच जडलाय. नाही रे. एकच कडं दोघांना कबूल करायचं आणि दोन माळा पदरात पाडायच्या, हे डोबूच्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हणून तर तुझी चाल मला कळते. टुबेटुबे बेटावरचे माझे देवघेवीतले दोन भागीदार काल एकाच होडीतून उतरले. एकानं मला बाजूला घेतलं. “नामोयासी माझंच ना, दादा? त्याला बोलू नका हं.” थोड्या वेळानं दुसराही तेच म्हणाला. आत्ता दोघं माझ्या ओसरीवर सुपारी चघळत एकमेकांना चुना देताहेत. माझी लाज तुझ्या हातात आहे. ती जाळ्यांची टोपली आहे तशी पाठव, आणि तळाशी दुसरं एखादं बरं कडं असेल, तर तेही राहू दे.

तुझाच,
लेदिमो