मऊ राहिलेले ठोकळे

सोमवार, संध्याकाळ. बोईसर.

दोन दिवस भट्टीत ठेवूनही रेझिनचे ठोकळे मऊच. नख रुततं! आत सफाळ्याच्या एका बाईंच्या किडनीचा तुकडा. मायक्रोस्कोपसाठी कापणार कसा? रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या बाटलीचं झाकण सैल होतं, ओल शिरली असणार. लॅबमध्ये मी आणि माझी मदतनीस दीपाली, आम्ही दोघीच. मी तर नाही, म्हणजे दीपालीच. सकाळपासून नजर चुकवत होती.

शेवटी विचारलंच, "झाकण कोणी उघडं ठेवलं?"

"तुमीच, ताई. शनिवारी. सांगायला भ्याले. म्हणून अर्धा तुकडा मी रेझिनमध्ये न घालता राखून ठेवलाय."

खोटं बोलतेय? पण शनिवारी रेझिन ढवळता ढवळता फोन घ्यायला मीच बाहेर गेले होते. झाकण लावलं होतं का? आठवत नाही.

तुकडा वाचला, तिच्यामुळे. आणि दिवसभर मी तिच्याकडे कसल्या नजरेने बघत होते!