गाडीचं तेल

प्रिय संजय,

‘प्रिय’ लिहिलं ते आपली याडी, तुले जन्म देणारी माय, शेजारी बसून पाहून राह्यली म्हणून. नाही तं सुरुवात शिवीनंच झाली असती. फोन तू उचलत नाही, मेसेज वाचून गुपचूप बसतो, म्हणून कागद घेतला. शुद्ध लिहिता येते मले, आर्णीच्या कॉलेजात बी.एस्सी.ची दोन वर्षं काही झोपून नाही काढली. पण रागात आपलीच बोली येते, तर तशीच वाच.

दिवाळीत तू पुण्याहून आला अन् डिक्कीतून तो सोनेरी डबा काढून साऱ्या तांड्याले दाखवत फिरला. बापूच्या गाडीले एक नंबर तेल आणलं म्हणे. बापू तं डबा नातवासारखा मांडीवर घेऊन बसला होता. तुझे भाऊजी त्या दिवशी गॅरेजचं सामान आणायले महागावले गेलते. ते येऊ दे, त्यांचं काम आहे, असं मी म्हटलं तर तू हसला. फुलसावंगीच्या मिस्तरीले यातलं काय कळते म्हणला, अन् जुनं तेल काढून स्वतःच्या हातानं नवं ओतलं. दुकानदाराची गंमतही तूच सांगतली. ‘गाडीले चांगल्यातलं चांगलं तेल द्या’ म्हटलं, त्यानं बाहेर उभी तुझी गाडी पाहिली अन् काही न विचारता डबा पुढं केला. तेव्हा आम्ही सारे हसलो. आता ते आठवलं की माझं डोकं सणकते. अरे शहाण्या, पुण्यात गाडी म्हणजे तुझी चारचाकी, अन् आपल्या तांड्यात गाडी म्हणजे बापूची मोटारसायकल! एवढं दोन शब्दांत सांगाले तुह्या तोंडाले काय झालं होतं?

दीड महिन्यानं बापू याडीले मागं बसवून बाजारातून येत होता. नाल्यापुढच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, चाकाले जोरच मिळेना. गाडी मागं सरकली अन् दोघंही पडले. याडी खरचटण्यावर निभावली, बापूच्या मांडीचं हाड मोडलं. यवतमाळले ऑपरेशन करून रॉड टाकला. तू आला, त्याची विचारपूस बाजूलेच राहिली. इंजिनातलं तेल वाटीत काढलं, ते काळंकुट्ट पाहिलं, अन् तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यासमोर ओरडला की भाऊजीनं माझं महागाचं तेल चोरलं, जळकं भरलं, माझ्या बापाले पाडलं. चाळीस माणसं ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या भाऊजीच्या, देवसिंगच्या गॅरेजवर चिटपाखरू फिरकलं नाही. तू मात्र पुण्याले जाऊन कामाले लागला.

तेल काळं पडलं म्हणजे जळकं, हे कोणी शिकवलं तुले? तेलाच्या डब्यात नुसतं तेल नसते रे. इंजिन धुणारं रसायन असते त्यात, ते काजळी सोडवते अन् तेलातच धरून ठेवते, तळाले बसू देत नाही. तेल काळं झालं म्हणजे ते काम करून राह्यलं. पिवळंधमक राहिलं असतं तर मले शंका आली असती. पार्ट झिजू नये म्हणून जस्ताचं संयुग असते, गरम झाल्यावर अगदीच पाण्यासारखं होऊ नये म्हणून आणखी काही. अन् तुझ्या त्या डब्यात वरून एक होतं, घर्षण कमी करणारं. चारचाकीले ते बरंच. तिचा क्लच तेलापासून दूर, कोरडा असते. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला. त्याच्या प्लेटांनी एकमेकींले घट्ट धरलं तर चाक फिरते. तुझ्या तेलात त्या घसरत राहिल्या, बस. बापू तुझ्या तेलानं पडला, संजय.

तुले पटणार नाही, म्हणून हेही सांगते. याडीनं तो चकचकीत डबा फेकला नव्हता, धुऊन फवारणी पंपाचं पेट्रोल ठेवलं होतं त्यात. मागच्या आठवड्यात उचलला तर मागं बारीक अक्षरात लिहिलेलं, कारसाठी. मोटारसायकलच्या तेलावर ‘एमए’ अशी खूण असते, ती कुठंच नव्हती. डबा नेऊन यांच्यापुढं आदळला. तर हे म्हणे, क्लच उघडला त्याच दिवशी कळलं होतं. मग बोलले काहून नाही? तर म्हणे, बापू खाटेवर आहे, पोराच्याच हातानं पडलो हे समजलं तर हाड जुळेल पण माणूस उठणार नाही. दोन महिने चोर म्हणवून घेतलं या माणसानं. अन् मी? तू ओरडला तेव्हा मीही यांच्याकडंच संशयानं पाहिलं होतं. यांच्यापुढं ताट ठेवताना अजून मान वर होत नाही माझी. आता पाने-पक्कड पोत्यात भरून हे येत्या सोमवारी हैदराबादले चालले, कोणाच्या तरी हाताखाली राबाले.

मी नवऱ्याचं ऐकलं नाही. काल बापूले सारं सांगतलं. तो एवढंच म्हणला, कागद घे. हे पत्र त्यानंच लिहायले लावलं. रविवारी सकाळी तीच चाळीस माणसं ओट्यासमोर बोलावली आहेत. ये, अन् सर्वांपुढं सांग की तेल मी ओतलं. नाही आला तर याची नक्कल मी वाचीन. बापू खाटेसकट तिथं येणार आहे. त्यानं बजावून ठेवलं आहे, संजय आला तर त्याले माझ्या उशाशी बसवा; नाही आला तर देवसिंगले बसवा, अन् यापुढं माझा पोरगा कोण असं कोणी विचारलं तर त्याचंच नाव सांगा.

रविवारपर्यंत तरी तुझीच बहीण,
पुष्पा