बरणीवरचा दगड

११ जाने. १९५४, सोम.
ह्यांना जाऊन आज सात आठवडे. सकाळी नंदराम आला. आमच्याबरोबर खाणीवर होता, आता इथं मिलमध्ये आहे. म्हणाला, खाण बंद पडली तशी वस्तीतल्या घरांचे पत्रे उतरवले, शनिवारचा बाजार मोडला. ठेकेदार सडकेसाठी दगड उचलतोय. गेलेल्या खाणकामगारांच्या नावानं रांगेत लावलेलेही नेणार.
ह्यांचा दगड अजून रांगेत लागलेला नाही.

१२ जाने.
भाऊजींजवळ विषय काढला.
"वहिनी, ते मजुरांचं. दादा हजेरीबाबू होते. बाबूचा दगड कुणी लावतं का?"
म्हटलं, खाणीत उतरून ज्यानं स्वतःच्या हातानं दगड वर आणला, त्याचा लागतो. जात, पगार कुणी विचारत नाही. खाणीचं छत बसलं त्या दिवशी हे खाली गेले होते. दोघांना घेऊन वर आले, मग परत उतरून दगडही आणला. तेव्हाच सगळे म्हणाले होते, बाबूजी, अब आपका भी पत्थर लगेगा.
भाऊजी पेपर वाचत राहिले.

१३ जाने.
ट्रंका, फडताळ, माळा. दगड नाही. दुपारी आठवलं. तो लोणच्याच्या मोठ्या बरणीवर होता. काळा, चपटा, वजनदार. ह्यांनी जपून ठेव म्हणून दिला, मी झाकणीवर ठेवला, मांजरानं पाडू नये म्हणून. हे हसले होते. "काम करतोय ना? असू दे."
इंदूरला येताना सामान फार झालं. बरणी नंदरामच्या बायकोला, रामकुंवरला देऊन टाकली. दगडासकट. माझ्याच हातानं.

१४ जाने.
संक्रांत. पुढच्या खोलीत हळदीकुंकू, मी मागं. मागच्याच दारानं निघाले. कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांवरून मिलच्या चाळीपर्यंत पायी.
रामकुंवरला विचारायची लाज वाटली. विचारलं. ती उठली, कोपऱ्यातली बरणी दाखवली. दगड वरच.
"बाईजी, अचार तो कब का खतम हो गया. पत्थर थोडे ही खतम होता है."
मग म्हणाली, "मैं सोच रही थी, कब याद आएगी आपको." टोमणाच होता. खरा होता.
पदरानं पुसून दिला. तेलाचा वास गेला नाही. हातावर तिळाचा लाडू ठेवला. आज मला तो कुणी दिला नव्हता.

१६ जाने.
भाऊजी : "वर्ष होईपर्यंत तरी घर सोडू नका. लोक काय म्हणतील?"
मी : "वर्षानं तिथं रांग नसेल. सोमवारच्या गाडीनं जाते."
"एकट्या?"
"रामकुंवर येतेय."
संध्याकाळी भाऊजींचा अंथरुणाचा होल्डॉल माझ्या खोलीच्या दाराशी ठेवलेला. पट्टे नवे लावलेले.

१९ जाने., मंगळ.
काल रतलामला गाडी बदलली. पुढं आज बैलगाडी.
आमचं क्वार्टर म्हणजे नुसत्या भिंती. चुलीची जागा ओळखली. हजेरीच्या खिडकीचे गज आहेत, खिडकीमागं खोली नाही. भोंगा नाही, म्हणून किती वाजले ते कळत नाही. सवय.
रांग अर्धी गेली. नाक्याकडून उचलत आलेत. छत बसलं त्यात गेलेल्या तिघांचे दगड अजून आहेत. त्यांच्या शेजारी रामकुंवरनं पहारीनं खड्डा केला, दगड मी बसवला. माती दाबली. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही.
ठेकेदाराचा मुकादम आला. भला माणूस, टोपी काढून बोलला. "माताजी, रख तो दिया आपने. पर परसों ये लाइन भी उठेगी. मुझे हुकुम है."
"परसों मैं यहीं बैठी मिलूँगी," म्हटलं.
"और उसके बाद?"
रामकुंवर वस्तीच्या पडक्या दवाखान्याच्या ओट्यावर चूल मांडत होती. तिथूनच ओरडली, "भिया, पंद्रह दिन का आटा लाए हैं."