दाजी, तुमच्या मचूळ विहिरीचे उपकार

देवणी, मे १९८६

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, चंद्रप्पाचा, शरणु शरणार्थी. (पाया पडलो असं या वेळी खरंच समजावं, दोन महिन्यांपूर्वी वाकताच येत नव्हतं.) नांदेडला तुमची पोस्टातली नोकरी आणि तब्येत दोन्ही ठीक असतील. इकडे आक्का खुशाल आहे. पाऊस नाही.

लातूरला दुकानात साखरेचं पोतं उचलताना माझी कंबर धरली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार महिने मांडी घालून इष्टलिंगाची पूजा करता आली नाही. उभ्यानंच हात जोडायचो आणि डोळे भरून यायचे. नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायामाचा डॉक्टरही नवाच आलाय. तो म्हणाला, छातीभर पाण्यात उभे राहून पोटापाठीचे स्नायू बळकट करा. लातूरकराला छातीभर पाणी! आमची आंघोळ तांब्यात उरकते. तेव्हा तुम्ही, मी न मागता, शेतातली मचूळ विहीर देऊ केलीत. एरवी तिला दोन पुरुष पाणी. यंदाच्या दुष्काळानं ते बरोबर माझ्या छातीशी आणून ठेवलं. दुष्काळाचे आभार मानणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

डॉक्टरांच्या अटी कडक. सोबत माणूस हवा, हातानं पायरी धरायची, पाठ ताठ, पोट आत, जागच्या जागी पावलं टाकायची, कंबर पिळायची नाही, कळ पायात उतरली की बाहेर, आणि सगळं मिळून दहा मिनिटं. दम कोंडू नये म्हणून आकडे तोंडानं म्हणायचे. तुमचा सालगडी रामकिशन पायरीवर बसायचा. आता गळ्यातलं इष्टलिंग काही मी उतरवणार नाही. त्यात ओठ हलतायत, नजर समोर. तिसऱ्या दिवशी तुमच्या शेजारच्या सिद्धम्मानं काठावरून पाहिलं आणि गावभर केलं, की चंद्रप्पांनी पावसासाठी अनुष्ठान मांडलंय.

चौथ्या दिवशी काठावर अर्धं गाव, नारळ, भजन. मी ओरडून सांगितलं, अहो, माझी कंबर दुखते. सिद्धम्मा म्हणाली, "कंबर दुखतीया तर शेक घ्यावं की. पाण्यात कोण हुबं ऱ्हातंय?" भजन सोडून निघणार कसा? तासभर उभा राहिलो. (खोटं कशाला बोलू, मोहही झाला, इतक्या आदरानं माझ्याकडे घरातलंसुद्धा कुणी पाहिलेलं नाही.) बाहेर काढायला चौघं लागले. दोन दिवस खाटेवर पडून होतो (गावानं त्याला मौन म्हटलं) आणि वाटलं, आता पूजेला बसणं या जन्मी नाही.

वाचवलं रामकिशननं. त्यानं काठावर जाहीर केलं, "दहा मिन्टाच्या वर गुरूची आज्ञा न्हाई. गुरू लातूरला हाय, लई कडक हाय." त्यात खोटं काहीच नव्हतं. तेव्हापासून तो वेळ झाली की टाळ वाजवतो, भजन थांबतं आणि मी हळूहळू पायऱ्या चढतो.

काल सकाळी मांडी घालून बसलो, दाजी. लिंग तळहातावर घेतलं. आक्का दारात उभी राहून रडली, मीही रडलो. मंत्राआधी तुमचं नाव तोंडात आलं. हे ऋण फिटायचं नाही.

तुमचाच,
चंद्रप्पा

ता. क. : पाऊस अजून नाहीच. लोक आता आभाळाकडे न बघता माझ्याकडे बघतात.

ता. क. दुसरा : अनुष्ठान एकेचाळीस दिवसांचं, हे गावानंच ठरवलंय. येत्या रविवारी पस्तीस पुरे होतील. मला सोमवारी लातूरला दाखवायला जायचंय आणि मध्येच मोडलं तर पाऊस न आल्याचा दोष माझ्या माथी. म्हणून रामकिशननं सांगून टाकलंय, की उरलेले सहा दिवस घरचे वडीलधारे उभे राहतील. तेव्हा रजा काढून रविवारी या. आक्का म्हणते, कंबर तुमचीही दुखते, फक्त तुम्ही सांगत नाही. आता सांगूही नका. इथं कुणी ऐकत नाही.