हजेरीचं लाल बटण

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

एका फोटोची खरी किंमत लिहून ठेवतो. ऑफिसात फाइलला लागेल ती वेगळी. रविवारचे साडेसहा तास. दोनशे चौदा क्लिक. बाबांच्या खोलीचे पडदे (फोटोग्राफरला आवडले नाहीत, काढले, परत लावायचे राहिले). आणि बाबांची मिशी. पंचावन्न वर्षांची. फोटोग्राफर म्हणाला, चेहरा कडक दिसतोय, बघणाऱ्याला माया वाटली पाहिजे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाढेल की पुन्हा. ते आत गेले आणि काढून आले. मग अर्धा तास वरच्या ओठावर हात ठेवून बसले. तेवढे क्लिक वाया.

पण फोटो काय झालाय! म्हातारा माणूस, खिडकी, मनगटावर आमचा पट्टा, पट्ट्यावर लाल बटण. पडलात, दुखलं, घाबरलात, की बटण दाबा. मुलाचा फोन वाजेल. एवढंच आमचं प्रॉडक्ट. तो लाल रंग माझा आहे. एकोणीस छटांमधून निवडला. लोक कंपनीचं नाव विसरतील, हा लाल विसरणार नाहीत. हा निघणारा रंग नाही.

नोंद: बाबांच्या हातात फोटोसाठी बनवलेला पीस आहे. नुसतं कवच, आत काही नाही, बटण वरून रंगवलेलं. खरा पट्टा कॅमेऱ्यात जाड दिसतो. बाबांना तो इतका आवडला की काढवेना, म्हणून राहू दिला. खरा माझ्या ऑफिसच्या खणात आहे. रविवारी नेऊन बदलायचा. नक्की.

५ मार्च, बुधवार

पोस्ट टाकली. "माझे बाबा एकटे राहतात, पण ते एकटे नाहीत. मी एका बटणाच्या अंतरावर आहे." दुपारपर्यंत तेवीसशे लाइक. मालक (वय एकोणतीस, मला सर म्हणतो, माझं इन्क्रिमेंट तोच ठरवतो) केबिनमध्ये येऊन म्हणाला, सर, डोळ्यांत पाणी आलं. मला आठवलं, मी दारोदार पाण्याचे फिल्टर विकत होतो तेव्हा लोक दार आपटायचे. आज तेच लोक शेअर करतायत.

टेस्टिंगच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, फोटोसाठी बारा पीस दिले, अकरा परत आले. बारावा कुठाय? मी म्हटलं, सुरक्षित आहे. त्या म्हणाल्या, तो बिल्डिंगबाहेर जाता कामा नये, एखादा खरा समजून घालून बसेल. मी हसलो. बाईंना स्टोरीटेलिंग कळत नाही. हाताखाली त्यांच्यासारखी माणसं असावीत, पण मीटिंगला नसावीत.

९ मार्च, रविवार

जाणार होतो. मालकाने अकराला कॉल लावला: "फाउंडर्स व्हिजन". त्यात मी दोनदा बोललो. खरा पट्टा शुक्रवारी घरी आणायचा होता, तो खणातच राहिला. म्हणजे तसाही जाऊन उपयोग नव्हता. पुढचा रविवार.

१२ मार्च, बुधवार

मोठी कल्पना सुचली, दाढी करताना. पोस्ट: "रोज फोन करून 'बरे आहात ना' विचारणं हे प्रेम नाही, ती पहारेदारी आहे. मी बाबांना रोज सकाळी आठला फोन करायचो. आता करत नाही. विश्वास ठेवायला शिकलो. लीडरशिपही तशीच असते."

पोस्ट गाजणार. एकच अडचण: मी अजून रोज आठला फोन करतो. पण ऑथेंटिसिटीशिवाय ब्रँड नाही. तेव्हा उद्यापासून बंद. बाबांना कळवलं. म्हणाले, बरं, तुझी कामं असतात.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ८.२०

बाबांचाच फोन. कारखान्यात छत्तीस वर्षं टाइमकीपर होते. आठच्या भोंग्याला हजेरीचं कार्ड आत जाण्याची सवय. म्हणाले, मी एक ठरवलंय, तू फोन करत नाहीस तर मीच रोज आठ वाजता बटण एकदा दाबत जाईन, हजेरीसारखं. आत्ताच दाबलं. लागली का हजेरी?

लागली, म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? खूश होते. शिवाय रविवारी खरा पट्टा देणारच आहे. चार दिवसांचा प्रश्न.

१७ मार्च, सोमवार

काल जाता आलं नाही. गाडी सर्व्हिसिंगला होती. (टॅक्सी असतात हे बायकोने सांगितलं. माहीत आहे.)

हजेरीच्या गोष्टीची पोस्ट केली. चार हजारांवर गेली. एकाने लिहिलं, तुमच्यासारखा मुलगा प्रत्येकाला मिळो. स्क्रीनशॉट बायकोला पाठवला. ती शेजारच्या खोलीतच होती. तिथूनच म्हणाली, अहो, मामंजींचा फोटो सगळ्या जगाने पाहिला, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत? नकारात्मक कमेंटला उत्तर द्यायचं नाही, हे मी टीमलाही शिकवतो.

२३ मार्च, रविवार

सकाळी निघालोच होतो. चपला घातल्या होत्या. तेवढ्यात मेसेज आला: शहरातल्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये १० एप्रिलला मुख्य भाषण माझं! विषय: "लीडर म्हणजे हाकेला धावणारा माणूस". चपला काढून स्लाइड करायला बसलो.

२६ मार्च, बुधवार

बाबांच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकूंचा फोन. त्या रोज सकाळी दुधाची पिशवी द्यायला वर जात आणि दार वाजवून आत डोकावत. म्हणाल्या, अरे, तुझ्या बाबांनी मला सांगितलंय, आता दार वाजवायला वर यायची गरज नाही, पिशवी दूधवालाच कडीला अडकवेल, पोराने पट्टा दिलाय. मी विचारते, तो चालतो ना नीट? म्हटलं, काकू, जगातली उत्तम टेक्नॉलॉजी आहे. त्या म्हणाल्या, बाई गं, मग माझे गुडघे सुटले, तीन जिने कोण चढतंय.

हा किस्सा भाषणात घ्यायचा. टेक्नॉलॉजीने माणसाचे कष्ट कसे वाचतात.

१ एप्रिल, मंगळवार

टेस्टिंगच्या बाई पुन्हा. या वेळी कागद घेऊन. बाराव्या पीसपुढे माझी सही हवी. पेन पुढे धरून म्हणाल्या, सर, एकच विचारते, कुणाच्या हातात नाही ना तो? मी म्हटलं, तुमच्या घरी वडील आहेत का? म्हणाल्या, होते. मी सही केली.

मग पुन्हा स्लाइडकडे वळलो.

६ एप्रिल, रविवार

आज खरंच जाणार होतो, पण भाषणाची रिहर्सल. काकूंना सांगून बाबांच्या मनगटाचा ताजा फोटो मागवला, शेवटच्या स्लाइडसाठी. तीन जिने चढून काढून पाठवला बिचारीने. मोठा करून पाहिला. पंचवीस दिवस रोज आठला दाबूनही लाल रंगावर ओरखडा नाही. नवा कोरा. याला म्हणतात ब्रँड!

मिशी पुन्हा वाढवलेली नाही. विचारायला हवं.

खरा पट्टा: भाषण झालं की त्याच संध्याकाळी. १० तारखेला. कॅलेंडरमध्ये टाकलं, लाल रंगात.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी ८.०५

आठ वाजले. बाबांनी हजेरी लावली असेल. शर्ट निळा. खिशात खरा पट्टा घेतलाय. आज चुकारपणा नाही.

१० एप्रिल. सायंकाळी ६.३५

भाषण उत्तम झालं. साडेचारला सुरू, साडेपाचला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्टेजवर फोन नेऊ देत नाहीत. परत मिळाला तेव्हा काकूंचे अकरा मिस्ड कॉल.

बाबा बाथरूममध्ये पडले. सकाळी. काकू पाच वाजता कशाला तरी वर गेल्या, तेव्हा त्यांना कडीला तशीच लटकलेली दुधाची पिशवी दिसली. त्यांनी चावीवाल्याला आणून कुलूप काढवलं.

टॅक्सीत आहे. बाबा शुद्धीवर आहेत. हे महत्त्वाचं.

११ एप्रिल, शुक्रवार. हॉस्पिटल

खुब्याचं हाड. ऑपरेशन उद्या. छातीत कफ भरलाय. नऊ तास ओल्या फरशीवर होते. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासात कुणी पोचलं असतं तर गोष्ट वेगळी होती. घरी एकटे राहणं आता विसरा, असंही म्हणाले. बाकीचं मी नीट ऐकलं नाही.

बाबांशी बोललो. आवाज अगदी बारीक. म्हणाले, दाबलं होतं रे. म्हटलं मीटिंगमध्ये असशील. म्हणून थोडं थांबून परत दाबलं. मग परत. मग वाटलं, निघाला असशील, रस्त्यात असशील. पण तुला चुकून वाटायला नको की आता बरं आहे, म्हणून दाबत राहिलो.

मी म्हटलं, नेटवर्क नव्हतं, बाबा.

ते म्हणाले, असं होय. आणि डोळे मिटले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

काकू बाकावर बसून होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, मी दार वाजवायचं सोडायला नको होतं.

१२ एप्रिल, शनिवार

ऑपरेशन झालं. बाहेर बसून मसुदा केला: "वडिलांच्या आजारपणाने मला लीडरशिपबद्दल शिकवलेल्या पाच गोष्टी". पहिल्या गोष्टीपुढे काही सुचेना. मालकाचा मेसेज: सर, टेक केअर, ही स्टोरी बाहेर जाऊ नये, आणि बाबांच्या हातात नेमकं कोणतं युनिट होतं?

मेसेज बायकोला दाखवला. तिने वाचला, फोन मला परत दिला आणि थर्मास घेऊन बाबांकडे गेली.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.०२

बाबांना ताप आहे, भान येतं-जातं. आत्ता डोळे उघडून विचारलं, आठ वाजले का? वाजले, म्हटलं. त्यांचा उजवा अंगठा डाव्या मनगटावर गेला. तिथे सलाइनची पट्टी आहे. तीच दाबली. माझ्याकडे बघत राहिले.

लागली, म्हटलं.

खरा पट्टा माझ्या खिशातच आहे. अजून पाकिटातून काढलेला नाही.

नर्सने बाबांच्या वस्तूंची पिशवी दिली. चष्मा, कवळी, पट्टा. पट्टा हातात घेऊन पाहिला. बटणावर लाल रंग नाही. खाली पांढरं प्लास्टिक आहे.